क्रूसाला टेकलेली सायकल

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या पायात काटा रुतला आहे. घरच्या माणसाने तुम्हाला एका कट्ट्याला टेकवून उभे केले आहे आणि तो घाईघाईने निघून गेला आहे. तुम्ही त्याची वाट बघत आहात. तेवढ्यात एक अनोळखी बाई येते, तुमच्याकडे एकटक पाहते, तुमच्या गळ्यात झेंडूचा हार घालते आणि हात जोडते. तुम्हाला काय वाटेल? मलाही अगदी तसेच वाटले. माझी तर बोबडीच वळली असती, पण मला मुळात बोलताच येत नाही.

मी एक जुनी सायकल आहे. काळी, उंच, मधे दांडी असलेली. माझे सुटे भाग गोणपाटात बांधून बोरिवलीच्या एका दुकानात आले आणि दुकानदाराने दिवसभर उकिडवे बसून माझी जोडणी केली. मला घेतले जयवंतने. तो मूळचा कोकणातला, इथे एका कारखान्यात फिटर. दर रविवारी तो जुन्या बनियनने माझी एकेक तार पुसायचा आणि चेनला तेल सोडायचा. "हिच्यामुळे मला एकदाही लेटमार्क नाही," असे तो टपरीवर चहा पिताना सांगायचा आणि माझी मान ताठ व्हायची.

चौऱ्याऐंशी साली एका सकाळी दहिसर गावठाणात माझे पुढचे चाक पंक्चर झाले. कारखान्याची पाळी गाठायची होती. जयवंतने मला रस्त्याकडेच्या क्रूसाच्या कट्ट्याला टेकवले, मागच्या चाकाला कुलूप लावले, चावी खिशात टाकली आणि तो पळत सुटला.

आता तो हार कसा पडला ते सांगते. या वस्तीत ख्रिस्ती कुटुंबे राहतात. वांद्र्याच्या डोंगरावरच्या चर्चमध्ये मोत माऊलीला, म्हणजे येशूच्या आईला, ही माणसे नवस फेडायला मेणाच्या वस्तू वाहतात. हात बरा झाला तर मेणाचा हात, घर झाले तर मेणाचे घर. त्याच दिवशी संध्याकाळी तेरेसा मावशींचा फिलिप घरी आला. तो बोटीवर कामाला होता आणि वादळानंतर महिनाभर त्याचा पत्ता नव्हता. मावशी मेणबत्ती लावायला क्रूसापाशी धावल्या, तर तिथे मी उभी.

"बघा तरी," त्या शेजारणींना म्हणाल्या. "कुणीतरी मेणाची नाही, खरीखुरी सायकल वाहिली. माझा फिलिप आला तो उगाच नाही."

पुढच्या आठवड्यात जयवंत आला. मी त्याला पाहिले आणि हरखले, पण त्याच्या खाली नवी कोरी स्कूटर होती. आठवडाभर तो का फिरकला नाही, ते तेव्हा कळले. पैसे भरून किती वर्षे तो त्या स्कूटरच्या यादीत आपला नंबर लागायची वाट बघत होता, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक? तो उतरला आणि माझ्या गळ्यातला हार, मडगार्डवरच्या मेणबत्त्या बघत उभा राहिला. चावी त्याच्या हातात होती.

"हात नको लावू, बाबा," तेरेसा मावशी म्हणाल्या. "नवसाची आहे."

"कुणाचा नवस?"

"ज्याचा असेल त्याचा. हिच्या पायगुणाने माझा पोरगा परत आला."

जयवंतने मावशींच्या तोंडाकडे पाहिले. मग मित्रांनो, ज्याने मला दर रविवारी पुसले, त्या माझ्या जयवंतने मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तो वाकला, कट्ट्यावरच्या मेणबत्त्यांच्या मधे चावी ठेवली आणि स्कूटरला किक मारून निघून गेला. मला इतका धक्का बसला की चाकातली उरलेली हवाही त्याच दिवशी गेली असावी.

मावशी तेव्हा क्रूसाकडे वळून प्रार्थना पुटपुटत होत्या. चावी ठेवताना त्याला एकाच व्यक्तीने पाहिले. तिची उंची कट्ट्याएवढीच होती. ती म्हणजे शेजारच्या ग्रेगरीची मुलगी, नॅन्सी. तिने घरी सांगितले, तर "क्रूसाला वाहिलेल्या वस्तूकडे बघायचं नाही" असा दम मिळाला. चावीवर रोज मेण गळत राहिले आणि ती दिसेनाशी झाली.

तीन वर्षे माझी पूजा झाली. हार रोज ताजा असे, पण चेनला तेलाचा थेंब नाही. ओल्या फुलांनी तारा गंजल्या, मेणाने सीट तडकली. माझ्यावर कावळा बसला तर लोक हाकलत, गंज बसला तर कुणी हाकलत नसे.

ग्रेगरी नदीकाठच्या तुकड्यात भाजी पिकवायचा आणि डोक्यावर टोपली घेऊन स्टेशनच्या बाजारात चालत जायचा. मे महिन्यातल्या एका सकाळी माझ्यासमोरच त्याचा गुडघा लचकला आणि तो कोसळला. वांगी माझ्या चाकांखाली घरंगळली. उठायला आधार म्हणून त्याने माझे हँडल पकडले. किती वर्षांनी माणसाचा हात लागला होता! पण आपण काय धरले हे ध्यानात येताच त्याने तापलेल्या तव्यावरून काढावा तसा हात मागे घेतला, कपाळाला-छातीला बोटे लावून क्रूसाची खूण केली आणि तो रांगत कट्ट्यापाशी गेला.

मी सुन्न झाले. पडलेल्या माणसाला टेकायलाही माझा उपयोग उरला नव्हता.

नॅन्सीने हे पाहिले. ती सरळ सायकलवाल्या मार्तंडला घेऊन आली. त्याने लांबूनच, हात पाठीमागे बांधून मला न्याहाळले.

"सांगाडा झकास आहे. टायर, ट्यूब, चेन बदलली की पळेल. पण मी नाही हात लावणार. तुझी मावशी माझीच वाट लावेल."

संध्याकाळी तेरेसा मावशी हार घेऊन आल्या तेव्हा नॅन्सी वाटेतच उभी होती. ग्रेगरी गुडघ्याला फडके बांधून पायरीवर बसला होता.

"मावशी, सायकल पप्पाला दे ना."

"माझी आहे का ती द्यायला? देवाची आहे."

"तो स्कूटरवाला काका तिचा मालक होता. त्याने इथे चावी ठेवली. मी बघितलंय."

"कसली चावी? काहीही बोलते पोरगी."

नॅन्सी घरात गेली आणि उलथणे घेऊन आली. कट्ट्यावरचा मेणाचा थर ती खरवडू लागली. ग्रेगरी म्हणाला, "नॅन्सी, पुरे," पण उठून तिला थांबवण्याइतके त्याच्या पायात बळ नव्हते. मेणाचा एक मोठा गोळा सुटला. त्यात चावी होती.

"म्हणजे चावीसकट वाहिली त्याने," मावशी म्हणाल्या, पण आवाज जरा खाली आला होता.

नॅन्सीने मेण फोडून चावी बाहेर काढली. मग म्हणाली, "देवाला कुलूप उघडायला चावी लागते, मावशी? चावी तर माणसासाठी ठेवतात."

मावशींनी हातातला हार घट्ट धरला. "आणि हार काढला, आणि माझ्या फिलिपच्या बोटीला काही झालं तर?"

"मग हार क्रूसाला घाल ना. फिलिपदादाला त्याने आणलं. सायकल तर पंक्चर होती."

ग्रेगरीने मान खाली घातली, हसू लपवायला असावी. मावशींनी माझ्या गळ्यातून कालचा हार स्वतःच्या हाताने काढला, नवा क्रूसाला घातला आणि त्या तरातरा घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी होती.

"नीट झाली की क्रूसापाशी प्रार्थनेनंतर वाटायच्या चण्यांचं पातेलं पहिलं हिच्यावरून येईल. पहिली फेरी देवाची. ऐकलंस, ग्रेगरी? आणि त्या मार्तंडला सांग, घाबरू नको म्हणावं."

मित्रांनो, हात जोडणारे मला पुष्कळ भेटले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण मी झिजले ते धावून नव्हे, नुसते उभे राहून. तुमच्या घरात, जिन्याखाली, गच्चीवर माझ्यासारखे कुणी उभे असेल, तर त्याला एकदा हात लावून बघा. पुसा, तेल द्या, कामाला लावा. आम्हाला मान एवढाच कळतो.

नॅन्सीने माझ्या कुलपात तेल सोडले आणि चावी घातली. ती हलेना. तिने पुन्हा तेल सोडले, चावी हळूहळू मागेपुढे केली, आणि खट्ट आवाज होऊन कुलूप उघडले. मला वाटले, आता ती टुणकन सीटवर चढेल. ती चढली नाही. तिने वांग्यांची रिकामी टोपली माझ्या कॅरियरला बांधली. मग ती पायरीपाशी गेली, वडिलांना उठवले आणि त्यांचा हात धरून माझ्या हँडलवर ठेवला.

ग्रेगरीने तो काढला नाही.