सोड म्हटलं की धरते

"सोड!"

असं धाकटी ओरडली आणि ताईने पाय घातला.

बॉल ताईच्या नडगीला लागला, धाकटीच्या पसरलेल्या हातांना वळसा घालून जाळ्यात गेला. आमच्याच जाळ्यात. यजमानांची नऊ नंबरवाली, नाचू की सांत्वन करू अशा विचारात क्षणभर उभी. मग नाचली.

ताई आमची कॅप्टन, बचावफळीच्या मधोमध. धाकटी तिची सख्खी बहीण, गोलकीपर. शेजारशेजारच्या आठ देशांची स्पर्धा, सतरा वर्षांखालच्या मुलींची, आणि एका आईच्या दोघी फक्त आमच्याकडे. पहिल्या दिवशी याचं केवढं कौतुक! फोटोबिटो.

सामना गटातला होता म्हणून हरूनही निभावलं.

"अगं, पण का?"

कोच मॅडमनी ड्रेसिंग रूमचं दार लावून घेतलं.

"ऐकू नाही आलं तुला?"

"आलं," ताई म्हणाली.

"मग? सोड म्हणजे काय?"

"मॅडम, हिने सोड म्हटलं की माझा हात आपोआप घट्ट होतो. पायसुद्धा."

"चादर, कंगवा, रिमोट, खिडकीची जागा," धाकटी म्हणाली, "जन्मात एकदा सोडलं नाही हिने. विचारा आईला."

"तू मागतेसच तशी! मालकिणीसारखी!"

"मग काय गोलमधून अर्ज करू? कृपया सोडावे, आपली नम्र?"

आम्ही हसलो. मॅडम नाही.

"उपांत्य सामन्यात गोलमध्ये दुसरी उभी राहील."

दुसरीने सांभाळलं. जिंकलो. पण अंतिम सामना पुन्हा यजमानांशी, त्यांचा सगळा खेळ उंच बॉलवर, आणि दुसरी पडली बुटकी. मॅडम म्हणाल्या, सरावात धाकटीला बघते. दोघी एकदा जरी धडकल्या, तर धाकटी बाकावर.

ताईचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. बहिणीच्या पुढे उभं राहून अंतिम सामना खेळायचा, तर हाच. धाकटी सकाळी जेवणघरात काहीच खाईना. एरवी ती आमच्याही ताटातलं खाते.

"तूच घे!"

हे बसमध्ये सापडलं.

"काय म्हटलं की सोडशील तू?" धाकटीने विचारलं.

"नीट म्हटलंस की."

"लहानपणी आई काय म्हणायची? 'बरं बाई, तूच घे.' की लगेच टाकून जायचीस."

"मी?"

"तूच. ती तीनचाकी आठव. दोन तास रडलीस तिच्यासाठी. मी म्हटलं तूच घे, तर ढुंकून बघितलं नाहीस."

ताई लाल झाली. म्हणजे खरं होतं.

सरावात मॅडमनी उंच बॉल टाकला.

"तूच घे!"

चटका बसल्यासारखी ताई बाजूला झाली. बॉल धाकटीच्या हातांत. पुन्हा. पुन्हा.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "'तूच घे' म्हणजे तिने घ्यायचं ना?"

"नाही मॅडम. म्हणजे मी घेणार."

"आणि खरोखर तिनेच घ्यायचा असला तर?"

"मग 'सोड'."

मॅडमनी शिट्टी तोंडातून काढली. परत घातली. "बाकीच्यांनी," त्या म्हणाल्या, "यांच्याकडे लक्ष देऊ नका."

"सोड, ताई, सोड!"

अंतिम सामना. आमचा कॉर्नर. ताई पुढे गेली होती, आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाहून, आपल्या गोलमधून, धाकटी बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

ताईने डोकं असं घातलं, जणू तो बॉल कुणी तिच्या ताटातून उचलत होतं.

गोल!

"                    "

शेवटची मिनिटं. यजमानांची माणसं उभी. ढोल, भोंगे, हजारो पाय बाकांवर आपटताहेत. शेजारी उभी असलेली काय बोलते ते आम्हाला कळत नव्हतं.

उंच बॉल आला. दोघींच्या मधे.

ताईची पाठ गोलकडे. नऊ नंबरवाली तिच्या खांद्याला खांदा लावून. मागे धाकटीचं तोंड उघडलेलं आम्हाला दिसलं, तूच घे की सोड, देव जाणे, शब्द बाहेर पडताच त्या गोंगाटात विरघळला. ताईपर्यंत काही म्हणजे काही पोचलं नाही.

ताईने पाय उचलला.

बाकावर आम्ही एकमेकींचे हात—

पाय हवेत थांबला. खाली आला. रिकामा. ताई वळली, नऊ नंबरवालीच्या आणि बॉलच्या मधे दारासारखी उभी राहिली, आणि बॉल आपल्या डोक्यावरून जाऊ दिला.

मागून दोन लांब हात आले. बॉल छातीशी. धाकटी त्याच्यावर पालथी पडली ती शिट्टी वाजेपर्यंत उठेचना, आणि शिट्टी वाजलीच!

"काय ऐकलंस तू?" आम्ही ताईला गदगदा हलवत विचारलं.

"काही नाही."

"मग सोडलास कसा?"

"मागे ती होती ना," ताई म्हणाली, वैतागून, दिवसाउजेडी बॅटरी मागितल्यासारखं आमच्याकडे बघत.

मग ढीग झाला. ढिगात मॅडम, एका बुटानिशी. लाउडस्पीकरवरच्या माणसाने विजेत्या देशाचं नाव घेतलं, आणि चुकीचं उच्चारलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते त्याला नीट सांगितलं. ओरडून. पुन्हा एकदा. ढोल थांबले तरी, अजून एकदा.