नवसाबाईचा धूर

"मावशी, काडी ओढू नको! कंपनीचं पाहुणं आलंत वर रस्त्याला!"

दिनेश धापा टाकत बांधावर उभा राहिला. शेजारच्या पाड्यावरचाच पोरगा, आता पेठला एका संस्थेत कामाला लागलेला. नवसाबाईने काडीपेटी मुठीत घट्ट धरली. समोर राब रचून तयार होता: शेण, फांद्या, पालापाचोळा, वर माती. मे महिन्यात हा राब भाजायचा आणि पाऊस पडला की त्या राखेत नागलीचं बी टाकायचं, हे ती लहानपणापासून करत आली होती.

"परसाल ऐकलं ना तुझं?" ती फणकारली. "नाय भाजला राब. रोपापरीस तणच लय. तुझा काका या वयात नाशकाला गेला, तिथल्या द्वारका चौकात ओझी उचलतो. औंदा नागली झाली तरच घरी येईल तो."

दिनेश वरमला. "पण मावशी, या पाहुण्यांच्या कंपनीनं आपला धूर इकत घेतलाय. आपण धूर करायचा नाय, म्हंजे तेवढा त्यांच्या कारखान्याला सोडता येतो. बदल्यात आपल्याला झाडं देत्यात. तसा करारच हाय."

"म्हंजे माझ्या वाटचा धूर त्यांनी सोडायचा?"

"तसंच कायतरी."

नवसाबाईचं डोकंच फिरलं. पाऊस दरसाल वेडावाकडा पडतो तो तापलेल्या हवेमुळे, हे याच संस्थेने तिला चित्रं दाखवून सांगितलं होतं. हवा तापवली कारखान्यांनी आणि काडीपेटी हिसकावतात तिची! इतका निर्लज्जपणा तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

तिने काडी ओढली. पाला भडकला, धूर वर चढू लागला. दिनेशला काही सुचेना. त्याने बांधावरचा हंडा उचलला आणि राबावर पालथा केला. दरीतल्या झऱ्यावरून तिने नुकतंच आणलेलं ते प्यायचं पाणी होतं. राब विझला आणि घरात प्यायला थेंबही उरला नाही.

नवसाबाईने रिकामा हंडा उचलला आणि ती तरातरा रस्त्यावर गेली. पाहुण्यांची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. ऊन सोसत नाही म्हणून सगळे काचा लावून आत बसले होते. गाडीखाली एसीचं पाणी धुळीत ठिबकत होतं. तिने हंडा बरोबर त्या धारेखाली सरकवला आणि चाकापुढे फतकल मारली.

"मावशी, ऊठ ना. त्यांला निघायचंय," दिनेश रडकुंडीला आला.

"जातील की. आधी हंडा भरू दे."