वच्छलाबाईच्या पोटावरचे टाके

गुरुवार होता. कन्नडजवळच्या महाराजांच्या पत्र्याच्या मठात मुंगी शिरायला जागा नव्हती. अंगावरून रक्त जाणाऱ्या बायका दाटीवाटीने बसलेल्या, आणि त्यांच्यापुढे पाटावर नमुना म्हणून बसवलेली वच्छलाबाई.

“बघा हिला! चार वर्षांमागं मरायला टेकली होती. डाक्टर हरले. आम्ही नुसता हात फिरवला, आजाराची मुळी बाहेर! सुरी नाय, सुई नाय!”

वच्छलाबाईने मान खाली घातली. शहरातल्या दवाखान्यात तिची गर्भपिशवी काढली होती. पिशवीच्या तोंडाला कॅन्सर होता, पण लवकर सापडला म्हणून ती वाचली. पिशवी काढल्याचं कळलं तर गावात तोंड कसं दाखवायचं, म्हणून नवऱ्याने, कडूबाने, ती मुकुंदवाडीला बहिणीच्या बाळंतपणाला गेल्याचं उठवून दिलं. परतल्यावर महाराजांनी अंगारा लावला आणि सगळं श्रेय लाटलं. कडूबाने लाटू दिलं, लाज झाकली गेली ना! दवाखान्यात तपासणीला मात्र ती गुपचूप जायची. आणि इथे येणाऱ्या बायकांच्या पोटाला हळद लावायची सेवा तिच्याकडेच होती.

आज समोर तिच्या घराशेजारची सरूबाई आडवी पडली होती. वच्छलाबाईकडे बघूनच ती आठ महिने येत होती. अंगावरून जाणाऱ्या रक्ताला वास असा सुटला होता की बायकांनी नाकाला पदर लावले होते. महाराजांनी तांब्यात हात बुडवून तिच्या हळद लावलेल्या पोटावर चोळला. हात लालभडक!

“निघाली मुळी!”

“अजून किती राहिल्या, महाराज?” सरूबाईने विचारलं. “लेकीचं लगीन बघायचंय मला.”

वच्छलाबाईला ते ऐकवेना. तिने उठून हळदीचा हात तांब्यात घातला. तोही लाल झाला.

“चुन्याचं पाणी हाय हे! हळदीच्या हातानं पानाला चुना लावला की बोटं लाल होतेत, माहीत नाय व्हय कुणाला?” तिने लुगडं बेंबीखाली ओढलं. “हे टाके बघा. मला डाक्टरनं कापून वाचवलं. ह्यो खोटा, अन् मीबी खोटी.”

महाराजांनी घाईघाईने तांब्या मागे सरकवला. सरूबाई कोपरावर उठली.

“वच्छला, आठ महिन्यांआधी का नाय सांगितलं?”

वच्छलाबाईने पदराने सरूबाईच्या पोटावरची हळद पुसली. दुसऱ्या दिवशी तिने सरूबाईला शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, “आता ऑपरेशन होणार नाही. दुखणं तेवढं कमी करू.” लेकीच्या लग्नाआधीच सरूबाई गेली.

बायांनो, पाळी नसताना रक्त गेलं, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. लवकर गाठलात तर बहुतेक जणी जगतात. आणि तुमचं ऑपरेशन झालं असेल, तर शेजारणीला टाके दाखवा. वच्छलाबाईने ते चार वर्षं झाकले, आणि जीव सरूबाईचा गेला.