ती एब्बा नव्हती

मी एक टब आहे. ओतीव लोखंडाचा, आतून पांढरा मुलामा दिलेला. माझ्याबरोबर ओतलेली भावंडं कोपनहेगनच्या हॉटेलांत गेली. तिथं म्हणे साबणाचा फेस असतो, लोक गाणी म्हणतात. मला मात्र डेन्मार्कच्याच दुसऱ्या टोकाला, युटलंडमधल्या एका वेड्यांच्या इस्पितळात आणलं. माझ्यात कोणी हौसेनं अंघोळ केल्याचं मला आठवत नाही.

माझ्यावर जाड कॅनव्हासचं झाकण असायचं. त्याला फक्त डोकं बाहेर राहील एवढं भोक. खवळलेल्या माणसाला कोमट पाण्यात निजवायचं, झाकण कडेनं आवळून बांधायचं आणि तो निमूट होईपर्यंत सोडायचं नाही. कधी दिवसचे दिवस जात. कातडी भिजून पांढरीफटक पडे. याला उपचार म्हणत.

डॅग्नी थोरुपला हिवाळ्यात आणलं. पश्चिम किनाऱ्यावरची कोळीण, हाडापेरानं दणकट. मासे मारायच्या दांडक्यानं तिनं धाकट्या बहिणीचा, एब्बाचा, जीव घेतला होता. सगळं गाव असं सांगत होतं. डॅग्नी तेवढी सांगत नव्हती.

मुख्य डॉक्टर होल्स्ट रोज तिला तपासायला येत. ती माझ्यात बांधलेली. ते माझ्या कडेवर बूट टेकवून उभे.

"आज वार कोणता, थोरुपबाई?"

"बुधवार."

"राजाचं नाव?"

"फ्रेडरिक. मला काय खुळी समजता?"

"मग तुम्ही मारलंत ती कोण होती?"

"ते ठाऊक असतं तर आणखी काय हवं होतं! चेहरा एब्बाचा, आवाज एब्बाचा, एप्रनसुद्धा तिचाच. पण कानाची पाळी निराळी, जाड. लहानपणापासून ती पाळी मी ओढत आलेय, मला नाही कळणार? एब्बाला कुठं डांबलंय ते ती सोंगाडी सांगेना, म्हणून मारलं. तुम्ही इथं काय उभे राहिलाय? जा, शोधा माझ्या बहिणीला!"

"सुधारणा नाही," डॉक्टर म्हणाले. "पाण्यातच राहू द्या."

सिस्टर मेटा डॅग्नीच्या पोटावरच्या झाकणावर कॉफीचा कप ठेवायची. "हललीस आणि सांडली ना, तर गरम पाण्याचा नळ सोडीन हं. बघ बाई!" बाकीच्या नर्सेस हसायच्या. डॅग्नीला राईच्या पावाचा तुकडा भरवला की ती म्हणायची, "अर्धा एब्बासाठी ठेवा. तिला कोणी खायला दिलं नसेल." तो अर्धा मेटा तिच्यादेखत खायची. "पोचला गं एब्बाला!"

मग नवं औषध आलं. आधी सुया, मग गोळ्या. डॅग्नीचा चेहरा लाकडासारखा झाला, हात थरथरू लागले, जीभ जड झाली. पण ती निवळली. झाकणाची गरज उरली नाही. आठवड्याला एकदा अंग धुवायला ती माझ्यात येऊन बसे.

अशीच बसलेली असताना डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "ती कोण होती?"

तिचा ओला हात हळूहळू स्वतःच्या कानाकडे गेला.

"थंडी होती," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी थंडी होती. थंडीत तिच्या कानाची पाळी सुजायची. दरवर्षीच. मी चरबी चोळून द्यायचे."

"म्हणजे ती कोण होती?"

"एब्बा."

डॉक्टरांनी मेटाचा हात हातात घेऊन दाबला. "ऐकलंत? जाणीव परत आली! बऱ्या झाल्या बाई!"

औषधानं तोंड इतकं जखडलेलं, की डॅग्नीला धड रडताही येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा जागचा हलत नव्हता.

"डॉक्टर, गोळ्या बंद करा," ती म्हणाली. "मला पुन्हा वेडी करा. तेव्हा ती कुठंतरी होती हो."

"अहो, बरं व्हायला लोक देवाला साकडं घालतात. अशा कृतघ्न होऊ नका."

त्या वर्षी आम्हां टबांची सद्दी संपली. हमालांनी मला बाहेर ओढलं, तेव्हा डॅग्नी धोबीखान्यातलं आपलं काम टाकून धावत आली. माझ्यात, कोरड्या टबात, कपड्यांनिशी, गुडघे पोटाशी घेऊन बसली. "झाकण घाला. आवळून बांधा. मी हलणार नाही, कॉफी सांडणार नाही."

"अगं, झाकणाच्या कधीच चिंध्या झाल्या," मेटा म्हणाली, आणि दोघा हमालांनी तिला काखांत हात घालून उचललं.

मी आता एका कुरणात आहे. गाई माझ्यात तोंड घालून पाणी पितात. त्या मला काही विचारत नाहीत. डॅग्नी अजून त्या इस्पितळातच आहे. तिला न्यायला कोण येणार? एकच बहीण होती. नवे डॉक्टर फेरीला आले, की तिला 'ती कोण होती?' हाच प्रश्न विचारतात आणि ती रोज बरोबर उत्तर देते. तुमच्यापैकी कोणी कधी तिकडं गेलात, तर दोन घटका तिच्यापाशी बसा. वार विचारा, राजाचं नाव विचारा. तेवढं पुरे.