कोरा रकाना

थेंबकाकांनी मोजपात्र मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं, गुडघे वाकवून डोळे रेषेच्या पातळीला आणले आणि कागदावर लिहिलं: अकरा दहा, एकशे चाळीस. चौतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलेला माणूस. थेंबाचीही चूक खपवून घेत नसे, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. आता स्वतःचीच लघवी मोजायची पाळी आली, तरी हात तोच.

लेकीला मुलगी होऊन दोन महिने झाले होते. तिचं गाव बसने पाच तासांवर. नातीचं तोंड अजून काका-काकू दोघांनीही पाहिलं नव्हतं, आणि त्याचं खापर काका आपल्या मूत्राशयावर फोडत. सारखं उठावं लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणंच तोडलं होतं. त्यावरून दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. वय झालं की मूत्राशय पूर्वीइतकं साठवत नाही, वेळीअवेळी आवळतं. त्यात पाणी कमी केलं तर आणखीच चिडतं, असं सांगून तीन दिवसांची नोंद ठेवायला लावली. काकांना मोठं नवल वाटलं. देवाने दिलेली ही पिशवी सत्तर वर्षं निमूट भरत-रिती होत राहिली, आणि आपण कधी तिची साधी विचारपूस केली नाही.

काकू मात्र हसून बाजूला होत. तुम्ही खुशाल जा, माझे गुडघे बसमध्ये धरतात, एवढंच त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी काका बाजारातून आले, तर त्यांनी धुऊन उपडं ठेवलेलं मोजपात्र सुलटं उभं होतं. आतून ओलं. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. दिवसातून चारदा जिना चढणारे हे गुडघे कुरकुरताना काकांनी कधी ऐकले नव्हते. काकूंचं बहिणीकडे जाणं मात्र या गुडघ्यांच्याच नावावर दोन वर्षं बंद होतं.

पट्टी घेऊन काकांनी कागदावर उभी रेघ मारली, उजवा रकाना कोरा सोडला, वर पेन ठेवलं आणि फिरायला गेले.

परतले तेव्हा तिथे बारीक अक्षरात अकरा नोंदी होत्या, कालपासूनच्या. काकांच्या आठच. एका वेळेपुढे आकडा नव्हता. 'पोचले नाही,' एवढंच होतं.

काकू पाठमोऱ्याच राहिल्या.

"अहो, ती बस वाटेत कुठे कुठे थांबते?"

"विचारून येतो," काका म्हणाले, आणि चपला न काढता तसेच मागे फिरले.