आप्पासोचा खुजा खोंड

आप्पासोला गुरांतलं कळतं असं सगळं गाव म्हणायचं, आणि आप्पासो ते कौतुकानं ऐकून घ्यायचा. खिलार जनावर लांबून येताना दिसलं की हा त्याची आई सांगणार, आजी सांगणार, कुणी विचारलं नाही तरी सांगणार. अशा माणसानं घरचा उत्तम खोंड ठेचून खच्ची केला, त्याचा बैल करून टाकला. आता बोला.

त्याचं असं झालं. आटपाडीकडच्या त्या माळरानावर आप्पासोच्या वडिलांनी एका गाईचा वंश जिवापाड जपला होता. त्यातली शेवटची गाय दुष्काळात गेली तेव्हा तिचा खोंड नुकता महिन्याचा झालेला. इकडचं तिकडचं दूध पिऊन तो जगला, पण अंगानं भरलाच नाही. पाय आखूड, छाती अरुंद. "रगात उतरलं गड्या," म्हणत आप्पासो मान हलवायचा. असल्या खुज्याचं बी पुढं नको म्हणून त्यानं त्याला ठेचून घेतलं आणि औताला जुंपलं.

तोवर खोंडानं माळावर आपलं काम उरकलं होतं. त्याच्यापासून आप्पासोच्या दुसऱ्या वाणाच्या दोन गाई गाभण राहिल्या, दोघींना कालवडी झाल्या. तिसरी गाय बयाबाईची. बयाबाईचा नवरा धुळा लढाईवर गेलेला, शेत ती एकटीच ओढत होती. गाय म्हणाल तर अगदी गावठी, शिंगं एक इकडं एक तिकडं. तिला खोंड झाला.

वासरं मोठी झाली तशी आप्पासोची झोप उडाली. कालवडी कशा उंच, कशा लांब, पाठ दोरी धरून आखल्यासारखी. आधी त्यानं सगळं श्रेय आपल्या गाईंना दिलं. मग एकदा विहिरीवर बयाबाईचा खोंड दिसला आणि हा गडी पाणी शेंदायचं विसरला. त्या गावठी गाईच्या पोटी असलं पोर? तिन्ही गाई तीन तऱ्हेच्या, पण वासरं पाहावीत तर एकासारखी एक, आणि तिघांचा बाप तो खुजा. म्हणजे रक्त उतरलंच नव्हतं. बिचाऱ्याला पोटाला मिळालं नव्हतं, एवढंच. उपासमारीनं बाप खुरटला, पण पोरांनी का खुरटावं?

आप्पासो मनातून हादरला. कालवड वर्षाला एक वासरू देणार, वळू सगळ्या माळाचं भलं करणार, आणि तो वळू त्यानं आपल्या हातानं मोडला होता. उरला होता तो बयाबाईचा खोंड. आणि कुणीतरी सांगितलं, बयाबाईनं आज ठेचणाऱ्याला बोलावलंय.

आप्पासो धोतर सावरत पळत सुटला. पोचला तेव्हा खोंड चारी पाय बांधून आडवा पाडलेला, ठेचणारा कमरेचा पंचा घट्ट करत होता.

"थांब रं, हात लावू नगंस," आप्पासो धापा टाकत म्हणाला. "वैनी, ह्यो वळू व्हनार हाय. ठेचू नगा."

"मला वळू पाळाय परवडतोय व्हय, भावजी?" बयाबाई म्हणाली. "माझा एक बैल मेला. एका बैलावर औत चालत न्हाई. ह्यो जोडीला लागला तर माझी पेरणी, न्हाईतर रान पडीक. तुमीच सांगा."

आप्पासो घरी गेला, दावणीचा खुजा बैल सोडून आणला आणि कासरा बयाबाईच्या हातात दिला.

"ह्यो घ्या, कायमचा. अंगानं बारका, पर औताला लय गुणी हाय. खोंड तेवढा तसाच ऱ्हाऊ द्या."

"आन् तुमचं औत?"

"माझं मी बघतो."

बयाबाईनं डोळ्याला पदर लावला. "खोंड तुमच्या दावणीला न्यायचा असंल."

आप्पासोच्या मनात तेच होतं.

"न्हाई जमायचं," ती म्हणाली. "तुमी रूप बघून ठेचता. त्यो हितंच ऱ्हाईल. गाई मातर कवाबी आना, माझं कवाड उघडं हाय. कालवडी तेवढ्या आनू नगा, त्येच्या भनी हायती त्या."

ठेचणारा फिदीफिदी हसायला लागला. आप्पासोला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. तो खाली बसला आणि त्यानं स्वतःच्या हातानं खोंडाच्या पायांचे दोर सोडले. शेवटचा पाय सुटला तशी खोंडानं अशी लाथ झाडली की आप्पासो मांडी धरून धुळीत बसला.

बयाबाई घाबरून पुढं आली. तर हा बाबा रडत होता आणि हसतही होता.

"लागलं का वं, भावजी?"

"लागलं, वैनी. लय झ्याक लागलं." तो मांडी चोळत म्हणाला. "ह्येची आजी, दुष्काळात गेलेली माझ्या बाची गाय, आशीच मारायची. मागच्या डाव्या पायानं, मांडीवरच. मी पोर होतो तवापासून खाल्ल्यात तिच्या लाथा. मला वाटलं हुतं, ती गेली."