अभिनवचं उष्टावण

तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्या घरात सहा महिन्यांपासून सगळे कुजबुजत बोलत होते. अनंतरावांची तर पार पंचाईत झाली होती. रेल्वेतली सारी नोकरी फलाटावर ओरडण्यात गेलेला माणूस, पण नातवाच्या पाळण्याजवळून जाताना आता चपला हातात घेऊन जायचा. विनोदिनीबाईंनी कुकर माळ्यावर टाकला होता. पातेल्यात वरण शिजायला किती गॅस जळतो, यावरून त्या मनातल्या मनातच भांडत होत्या.

हे सगळं सुनेच्या, म्हणजे संपदाच्या हुकमावरून. जरा खुट्ट झालं की अभिनव दचकायचा आणि मग कितीतरी वेळ रडायचा. त्याचं कारण संपदाला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं. तिला सातवा लागला आणि अभनपूरच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याच्या, नरेशच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. महिनाभर ती पोट सांभाळत दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिली. धड जेवली नाही, धड झोपली नाही. नरेश वाचला, आता जरासा लंगडत का होईना, ऑफिसलाही जात होता. पण बाळ झाल्यावर तिनं मोबाइलवर वाचलं, की आईच्या ताणाचा परिणाम पोटातल्या बाळाच्या मेंदूवर होतो, असं मूल पुढं घाबरट, रडवं होऊ शकतं. झालं. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं, की आपणच आपलं लेकरू बिघडवलं.

मुलांच्या डॉक्टर क्षमाताईंनी बाळाला नीट तपासून सांगितलं होतं, की ताण बाळापर्यंत पोचतो हे खरं, पण दर बाळाला तो बाधतोच असं नाही. मेंदू जन्मानंतरही भराभर घडत असतो, आणि जवळ घेणारं शांत माणूस मिळालं की पुष्कळ काही सावरतं. संपदानं यातलं 'पोचतो हे खरं' एवढंच घरी आणलं.

उष्टावणालाही तिचा नकारच होता. पण तिचा भाऊ यशदीप नागपूरहून येऊन दाखल झाला. पहिला घास मामानंच भरवायचा असतो, आणि तो हक्क सोडून परत जाणाऱ्यातला तो नव्हता.

"फक्त घरचे," संपदानं बजावलं. "अन् मोठ्यानं कोणी बोलायचं नाही."

सकाळी पाट मांडला. अभिनव आईच्या मांडीवर बसला. यशदीपनं सोन्याची अंगठी चांदीच्या वाटीतल्या खिरीत बुडवली आणि तेवढ्यात, व्हिडिओ घेणाऱ्या नरेशच्या कोपराचा धक्का लागून ताम्हण फरशीवर पडलं. अभिनवनं जो सूर लावला, तो लावलाच. संपदा त्याला उचलून आतल्या खोलीत गेली. त्याला थोपटता थोपटता तीही रडली.

तो शांत झाल्यावर नरेश मोबाइल घेऊन आत आला.

"रागावू नको. पण हे एकदा पाहून घे."

व्हिडिओत ताम्हण पडलं. अभिनव दचकला, पण रडला नाही. मान वळवून त्यानं आधी आईचं तोंड पाहिलं. ते तोंड पांढरंफटक पडलं होतं, डोळे विस्फारले होते. ते पाहिलं आणि मग त्यानं ओठ काढला.

संपदानं ते पुन्हा पाहिलं. "म्हणजे पुन्हा मीच," ती म्हणाली.

"हव, तूच. काय झालं म्हणून तो तुलेच विचारून राहिला. एवढ्याशा पोट्ट्याले कळते, कोणाले विचाराव ते. मग बिघडला काहून म्हणतं त्याले?"

तिनं पदरानं तोंड पुसलं, बाळाला घेतलं आणि बाहेर येऊन पाटावर बसली.

यशदीपनं अंगठी पुन्हा खिरीत बुडवली, तोच महापालिकेची कचऱ्याची गाडी भोंग्यावर गाणं वाजवत गल्लीत शिरली. अनंतराव चवड्यांवर धावत खिडकी लावायला निघाले.

"राहू द्या बाबा," संपदा म्हणाली. "उघडीच राहू द्या."

अभिनव दचकला आणि मान वळवून तिच्याकडे पाहू लागला. त्याला घट्ट कवटाळावंसं तिला फार वाटलं. तिनं तसं केलं नाही. ती हसली. ते हसू अगदी उसनं होतं. मग त्या बेसूर गाण्यावर तिनं मान डोलावली, "गाडी आली रे, गाडी," म्हणाली, आणि दुसऱ्यांदा हसली ती खरीच. अभिनव तिच्याकडे टक लावून पाहत राहिला. मग त्यानं मोठं तोंड उघडलं. आता गेलंच सगळं, म्हणून विनोदिनीबाईंनी डोळे मिटले.

यशदीपनं उघड्या तोंडात अंगठी टेकवली. अभिनवनं ती चाटली, मिटक्या मारल्या आणि मामाचं बोट दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

गाडी खिडकीखाली वाजतच होती. दुसऱ्या घासाला मात्र त्यानं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. आपल्याकडे कोणी पाहिलं नाही याचा एवढा आनंद संपदाला आयुष्यात कधी झाला नव्हता.